औषध कारखान्यांचे तपासणी अहवाल कपाटात का?

बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर मी तीन वर्षं एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्याच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, काढली. तिथली एक संध्याकाळ अजून डोक्यातून जात नाही. दुसऱ्या दिवशी तपासणी होती आणि कच्च्या मालाच्या गोदामातलं तापमानाचं रजिस्टर मागचे अठरा दिवस कोरं होतं. सिनिअरनं ते माझ्यापुढे सरकवलं. "भर रे. चोवीसच्या आसपास ठेव, पण सगळं सारखं नको." मी भरलं. २४.२, २४.६, २३.९, २४.४. मध्येच पेन बदलायला हवं हेही त्यालाच सुचलं. गोदामात थर्मामीटर चालू आहे की नाही, हे बघायला मी उठलोही नाही. दुसऱ्या दिवशी निरीक्षक आले, पानं उलटली, चहा घेतला, दोन किरकोळ त्रुटी लिहिल्या आणि गेले. त्या अहवालात नेमकं काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही. तुम्हालाही कधी कळणार नाही, आणि माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तामिळनाडूच्या औषध निरीक्षकांनी कांचीपुरम जिल्ह्यातल्या स्रेसन फार्मास्युटिकल्सच्या कारखान्यात ३६४ त्रुटी मोजल्या. त्यातल्या ३९ गंभीर स्वरूपाच्या होत्या, ३२५ मोठ्या. हवा खेळती ठेवायची यंत्रणा नाही, उपकरणं गंजलेली, गुणवत्ता हमी विभाग नावालाही नाही. कोल्ड्रिफ हे लहान मुलांचं सर्दी-खोकल्याचं पातळ औषध इथेच बनलं होतं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात ते पिऊन वीसहून अधिक मुलं दगावली. छिंदवाड्याच्या लोकांना मोठा दवाखाना म्हणजे नागपूर. त्यामुळे लघवी बंद झालेली ही मुलं नागपूरला आणली गेली, आणि त्यातल्या अनेकांचा शेवट तिथल्याच वॉर्डांत झाला.

३६४ हा आकडा सगळ्या बातम्यांत आला, दोन दिवस चघळला गेला आणि विरला. मला मात्र त्यात एक साधा हिशेब दिसतो. गंजलेलं भांडं एका रात्रीत गंजत नाही. हवेची यंत्रणा सप्टेंबरात होती आणि ऑक्टोबरात चोरीला गेली, असंही कोणी म्हणत नाही. या कंपनीकडे २०११ पासून परवाना होता. म्हणजे या त्रुटी वर्षानुवर्षं तिथेच, भिंतीला टेकून उभ्या होत्या. नंतर दोन वरिष्ठ औषध निरीक्षकांना निलंबित केलं गेलं, कारण आधीची दोन वर्षं त्या कारखान्याची तपासणीच झाली नव्हती. त्याआधी झालेल्या तपासण्यांत काय आढळलं होतं? तो कागद कोणी पाहिला?

आधी विषाबद्दल थोडं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय हा निष्काळजीपणा किती स्वस्तातला आहे ते कळत नाही. कोल्ड्रिफमध्ये असतं ते पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून पातळ औषधात प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन घालतात. दोन्ही पाण्यापेक्षा जरा दाट, गोडसर, रंगहीन. डायएथिलीन ग्लायकॉलही दिसायला आणि चवीला थेट तसंच, फक्त ते कारखान्यांच्या कामाचं, स्वस्तातलं रसायन आहे. ते पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी होतात. उलट्या, मग लघवी बंद, मग मेंदूवर परिणाम. औषधात त्याची कमाल मर्यादा ०.१ टक्का. कोल्ड्रिफच्या एसआर-१३ बॅचमध्ये ते ४८.६ टक्के निघालं. जवळजवळ अर्धी बाटली.

हे पकडायला चंद्रयान लागत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र, असेल तर उत्तमच, नसेल तर पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीनं, म्हणजे काचेची एक पट्टी, थोडी द्रावणं आणि दोनेक तासांत काम भागतं. आमच्याकडे ड्रम आले की नमुन्याचा एक हिशेब तोंडपाठ असायचा: ड्रमांच्या संख्येचं वर्गमूळ अधिक एक. पंचवीस ड्रम आले तर सहांतून नमुने. पण 'हा पदार्थ तोच आहे का' एवढी ओळख तरी प्रत्येक ड्रमची पटवावी, असं चांगल्या उत्पादन पद्धतीचे नियम सांगतात. प्रत्यक्षात छोट्या कारखान्यात काय होतं, तर विकणाऱ्यानं ड्रमसोबत पाठवलेला सीओए, म्हणजे तपासणी दाखला, फाइलला लागतो, आणि त्याच्यावरचे आकडे आपल्या रजिस्टरात जसेच्या तसे उतरतात. कांचीपुरमच्या कारखान्यात औषधी दर्जाचं नसलेलं प्रॉपिलीन ग्लायकॉल विकत घेतलं गेलं आणि न तपासताच वापरलं गेलं, असं तपासात समोर आलं. वाचून धक्का बसला असं मी म्हणणार नाही. मी अठरा दिवसांचं तापमान एका बैठकीत लिहिलेला माणूस आहे.

शेवटच्या टप्प्यावर औषध तपासलं की झालं, असा एक समज आहे. पाच लाख गोळ्यांच्या बॅचमधून गोळी कितपत विरघळते हे बघणाऱ्या चाचणीसाठी आम्ही सहा गोळ्या टाकायचो. नियमच तसा आहे, आणि तो चुकीचाही नाही, पण त्या सहा गोळ्या उरलेल्या ४,९९,९९४ गोळ्यांबद्दल काही सांगतील ते एकाच अटीवर: सगळ्या गोळ्या एकाच शिस्तीत बनल्या असतील तर. ती शिस्त आहे की नाही हे फक्त कारखान्यात जाऊन कळतं. बाटली प्रयोगशाळेत पाठवणं हे दुय्यम काम आहे आणि आपण सगळा जोर तिथेच लावतो. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जाहीन ठरलेल्या औषधांची यादी जाहीर करते. त्यात औषध, बॅच आणि कंपनीचं नाव असतं. चांगली गोष्ट आहे. पण ती यादी येईपर्यंत त्या बॅचच्या गोळ्या लोकांच्या पोटात जाऊन बऱ्याचदा बरेच दिवस झालेले असतात. कारखान्याच्या तपासणीचा अहवाल मात्र जाहीर होत नाही.

महाराष्ट्रात हे सगळं नवं वाटायचं कारण नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. डोळ्यांतला किंवा मेंदूतला दाब कमी करायला त्यांना ग्लिसरीन पाजलं होतं, आणि त्या ग्लिसरीनमध्ये हेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली. रुग्णालयाची खरेदी, पुरवठादार आणि राज्याचं अन्न व औषध प्रशासन या तिघांवर त्यांनी इतके कडक ताशेरे ओढले की राज्यातलं राजकारण हललं. आमच्या कॉलेजातल्या सरांनी तो अहवाल वाचला होता. ते म्हणायचे, यातली रसायनं सोडा, खरेदीची साखळी वाचा. जे. जे.च्या वॉर्डापर्यंत पोचेपर्यंत तो द्रव किती हातांतून गेला आणि प्रत्येक हातानं फक्त लेबल बदललं, हे वाचा.

लेंटिन अहवाल लोकांसमोर आला म्हणून आज आपल्याला जे. जे. आठवतं. आयोग नेमला नसता तर त्याही वेळच्या तपासण्यांची फाइल कुठेतरी वाळवीनं खाल्ली असती. प्रत्येक वेळी चौदा माणसं गेल्यावरच फाइल उघडायची का, एवढाच माझा मुद्दा आहे.

आता दुसरी बाजू बघा. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीतल्या वोक्हार्टच्या प्रकल्पात २०१३ साली अमेरिकेच्या एफडीएचे, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियंत्रण संस्थेचे, लोक तपासणीला आले होते. त्यानंतर कंपनीला पाठवलेलं इशारापत्र त्यांच्या संकेतस्थळावर कोणीही वाचू शकत होतं. सुमारे ७५ बॅचच्या अनधिकृत नोंदी कचऱ्यात अर्ध्या फाडलेल्या सापडल्या. त्या नोंदींमध्ये इंजेक्शनच्या कुप्यांत काळे कण, धागे, काचेचे तुकडे आढळल्याचं लिहिलं होतं आणि अधिकृत नोंदींत चित्र वेगळं होतं. निर्जंतुक विभागात जाण्यापूर्वी कपडे बदलायच्या खोलीपासून वीसेक फुटांवरच्या मुताऱ्यांना सांडपाण्याचा पाइपच नव्हता, हेही त्यात होतं. संभाजीनगरातल्या कोणालाही हे अमेरिकेच्या सरकारकडून कळलं. त्याच कारखान्यात आपल्या राज्याचे निरीक्षक किती वेळा गेले आणि त्यांनी काय लिहिलं, ते कळायला काही मार्ग नव्हता, आजही नाही. आपल्याच गावातल्या कारखान्याची खबर वॉशिंग्टनवरून यावी, याची आपल्याला लाज वाटत नाही हे मला कधी उमगलं नाही.

वाळूज काही एकटं नाही. २०२२ च्या शेवटी अहमदाबादजवळ साणंदच्या इंटासच्या प्रकल्पात त्याच एफडीएच्या माणसांना फाडलेल्या कागदांच्या पिशव्यांनी भरलेला ट्रक दिसला. प्रयोगशाळेतल्या एकानं वजनकाट्याच्या चिठ्ठ्या फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि वर अॅसिड ओतलं, अशीही नोंद आहे. ते वाचताना मला आमच्या प्रयोगशाळेतला बेसिन आठवला. चुकलेला प्रिंट तिथे भिजवून लगदा करायची पद्धत होती. अॅसिड परवडत नव्हतं बहुतेक.

साणंदचं उदाहरण मुद्दाम दिलं, कारण ते माझ्या बाजूचं पूर्ण नाही. त्या तपासणीनंतर कंपनीनं तिथलं उत्पादन थांबवलं आणि अमेरिकेत सिस्प्लॅटिन या कॅन्सरच्या औषधाचा तुटवडा पडला. रुग्णांची परवड झाली. उघड तपासणीची किंमत असते, आणि कधी कधी ती आजाऱ्यांनाच मोजावी लागते. हे नाकारून पुढे जाता येणार नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष 'म्हणून तपासणी झाका' असा असू शकत नाही. एकाच कारखान्यावर एवढं अवलंबून राहू नका, असा तो असायला हवा.

आपल्या सरकारला हे कळत नाही असंही नाही. २०२२ मध्ये गांबियात साठहून अधिक मुलं दगावली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेनं हरियाणातल्या सोनीपतच्या मेडन फार्मास्युटिकल्सच्या चार औषधांबद्दल इशारा दिला. हरियाणाच्या निरीक्षकांना कारखान्यात १२ त्रुटी सापडल्या आणि उत्पादन थांबवलं गेलं. पुढे केंद्रानं सांगितलं की आपल्याकडे राखून ठेवलेले नमुने ठीक निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस उझबेकिस्तानातही मुलांचे मृत्यू झाले. तिथलं औषध नोएडाच्या कंपनीचं होतं. मग सरकारनं १ जून २०२३ पासून नियम केला: खोकल्याचं औषध देशाबाहेर पाठवायचं असेल तर आधी सरकारी प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र हवं.

हा नियम दोनदा वाचा. देशाबाहेर पाठवायचं असेल तर. छिंदवाड्याला जाणारी बाटली सीमा ओलांडत नव्हती, म्हणून तिला प्रमाणपत्राची गरज नव्हती. परक्याच्या लेकरासाठी एक मोजपट्टी आणि घरच्या लेकरासाठी दुसरी, असा हा सरळ कारभार आहे. परदेशी सरकारं ओरडली की आपण हलतो, घरचं पोर गेलं की समिती नेमतो.

समित्यांचंही पाहू. २००३ साली डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीनं शिफारस केली होती की दर ५० औषध कारखान्यांमागे एक निरीक्षक हवा आणि दर २०० दुकानांमागे एक. गोव्याच्या माशेल गावच्या या शास्त्रज्ञानं आकडे मांडून दिले, सरकारनं टाळ्या वाजवल्या. बहुतेक राज्यं अजून त्या आकड्याच्या जवळही नाहीत. १९८८ साली औषध नियमांना जोडलेल्या 'शेड्यूल एम' या परिशिष्टात कारखाना कसा असावा हे लिहिलं आहे. गांबियानंतर ते शेड्यूल सुधारलं गेलं, २०२४ च्या सुरुवातीला अधिसूचना निघाली. मोठ्या कंपन्यांना सहा महिने, छोट्या-मध्यम कंपन्यांना बारा. मग छोट्यांनी गाऱ्हाणं मांडलं आणि त्यांची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. छिंदवाड्याची मुलं त्या मुदतीच्या आत गेली.

मी निरीक्षक वाढवा म्हणत नाही का? वाढवाच. पण तेवढ्यानं भागेल असं वाटत नाही, कारण आमच्या कारखान्यात निरीक्षक आला होता. तो आला, बसला, गेला. निरीक्षक एकाचे तीन झाले असते तर तीन कप चहा लागला असता. निरीक्षकाच्या सहीखाली जे लिहिलंय ते लोकांना वाचता येईल असं झालं, तर गोष्ट बदलते. त्या सहीवर उद्या कोणी बोट ठेवून विचारेल, 'साहेब, मार्चमध्ये तुम्ही हवेची यंत्रणा ठीक असल्याचं लिहिलंय, ऑक्टोबरात ती नव्हतीच म्हणतात,' ही भीती निरीक्षकाला असायला हवी. आज त्याला फक्त वरच्याची आणि कारखानदाराची भीती आहे.

यावर आक्षेप येतात ते मला पाठ आहेत, कारण मी कारखान्याच्या आतूनच ते म्हणायचो. पहिला आक्षेप, लोक घाबरतील. लोक आजही घाबरतात, कारण माहिती नसली की सगळ्याच औषधांचा संशय येतो. कोल्ड्रिफनंतर आमच्या गल्लीत आयांनी चांगल्या कंपनीची पॅरासिटामॉलसुद्धा फेकून दिली. दुसरा, व्यापारी गुपितं उघडी होतील. अमेरिकी अहवालांत फॉर्म्युला, ग्राहकांची नावं, संख्या काळ्या पट्ट्यांनी झाकलेल्या असतात. गंज, मुताऱ्या आणि फाडलेले कागद झाकत नाहीत. आपल्या माहिती अधिकार कायद्यातही गोपनीय भाग वगळून उरलेला द्यायची सोय आहे, कलम १० बघा. तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे: छोटे कारखाने बंद पडतील, स्वस्त औषधं महागतील. काही पडतील. औषध स्वस्त ठेवायचं म्हणून त्यात काय आहे ते न तपासण्याची सवलत द्यायची असेल, तर ती सवलत कोणाच्या खिशातून जाते हे नीट सांगितलं पाहिजे. आणि छोटा कारखाना म्हणजे घाणेरडा कारखाना असंही नाही. माझ्या एका मित्राचं इनमिन चाळीस माणसांचं युनिट आहे, तो प्रत्येक ड्रम तपासतो आणि टेंडरमध्ये न तपासणाऱ्यापुढे रुपया-दोन रुपयांनी हरतो. अहवाल उघडे झाले तर त्याचंच भलं होईल.

एक उलटं पाऊल मात्र आपण हळूच उचललं, ते नोंदवून ठेवतो. २०२३ च्या जन विश्वास कायद्यानं दर्जाहीन औषधांबद्दलच्या एका कलमाखालचा गुन्हा दंड भरून मिटवता येण्याजोगा केला. मृत्यू घडवणाऱ्या भेसळीला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा अजून आहे. पण त्या टोकाला पोचण्याआधीच्या पायऱ्यांवर दंडाची पावती ठेवली आहे. मागणी अशा वेळी आणखी कडक कायद्याची होते, फाशीची होते. मला त्यात रस नाही. रजिस्टर भरायला लावणाऱ्या माझ्या सिनिअरला फाशीची भीती नव्हती आणि नसती. उद्या कोणीतरी हे वाचेल ही भीती त्याला पुरली असती.

काम अवघड नाही. प्रत्येक बाटलीवर, पाकिटावर परवाना क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक टाकला की त्या कारखान्याच्या तपासण्यांच्या तारखा, सापडलेल्या त्रुटी, त्या दुरुस्त झाल्या की नाही, हे दिसावं. मराठीतही दिसावं. आपली अन्न सुरक्षा संस्था हॉटेलांना स्वच्छतेची श्रेणी देते. वडापाव खाताना स्वयंपाकघर किती स्वच्छ आहे हे विचारायची सोय आहे, पोराला औषध पाजताना नाही.

गेल्या वर्षी मी एका राज्याच्या औषध प्रशासनाकडे माहिती अधिकारात अर्ज केला. भाचीच्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचा परवाना क्रमांक लिहिला आणि त्या कारखान्याचे मागच्या पाच वर्षांचे तपासणी अहवाल मागितले. बत्तिसाव्या दिवशी उत्तर आलं: कलम ८(१)(घ), व्यापारी गोपनीयता, माहिती देता येत नाही. मी अपील केलं. सुनावणीत विचारलं गेलं, त्या कारखान्याशी अर्जदाराचा संबंध काय. कायद्यानं हे विचारता येत नाही, पण मी वाद घातला नाही. कागदावर लिहून दिलं: औषध विकत घेतलं आहे, बिल सोबत जोडलं आहे.